‘बुद्धीला पटतं, पण अनुभव येत नाही’: अद्वैताच्या वाटेवर नेमकं अडतं कुठे?

प्रश्न: मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, वय 41. गेली काही वर्षं अद्वैतावर, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच या विचारावर, बरंच वाचलं, प्रवचनं ऐकली. ‘अहं ब्रह्मास्मि’ बुद्धीला पटतं, पण अनुभव येत नाही. मध्यंतरी ध्यानात एकदा ‘मी’ पार विरघळून गेल्यासारखं झालं, ते पुन्हा कधी झालं नाही. राग पूर्वीसारखाच येतो. आई रोज हरिपाठाला बसवते, पण मूर्तीसमोर हात जोडणं आता द्वैत वाटतं. सोडून द्यावं का? गुरू हवाच का? आणि वाचावं काय?

उत्तर:

‘पटतं, पण अनुभव येत नाही’ हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता आधी उलट विचारतो: कसला अनुभव यायला हवा होता? बहुतेक जण अडखळतात. कुणी प्रकाश म्हणतं, कुणी अखंड शांती, कुणी ‘सगळीकडे एकच दिसणं’. तुमच्याकडे तर ध्यानातल्या त्या प्रसंगाचा नमुनाच आहे. ज्ञान म्हणजे तेच, फक्त कायम टिकणारं, असं तुम्ही मनाशी धरून चाललाय. माझ्या मते तुमचं घोडं इथेच अडलंय. तुम्ही ज्याची वाट बघताय ते वेदान्तानं कधी कबूलच केलेलं नाही.

विद्यारण्यांची पंचदशी घ्या. चौदाव्या शतकातला ग्रंथ, पंधरा प्रकरणं. त्यातलं सातवं तृप्तिदीप. 298 श्लोकांचं हे अख्खं प्रकरण बृहदारण्यकातल्या एकाच मंत्रावर आहे: ‘आत्मानं चेद्विजानीयादयमस्मीति पूरुषः। किमिच्छन्कस्य कामाय शरीरमनुसंज्वरेत्॥’ हा आत्मा मीच आहे असं कुणी जाणलं, तर मग कशाची इच्छा धरून आणि कुणासाठी तो देहामागे तापत राहील? हे समजावताना विद्यारण्य दहाव्या माणसाची जुनी गोष्ट घेतात. दहा जण नदी उतरून पलीकडे जातात आणि सगळे आलो का म्हणून मोजतात. मोजणारा प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो, त्यामुळे नऊच भरतात. दहावा बुडाला म्हणून रडारड सुरू होते, कपाळं बडवली जातात. वाटेनं जाणारा एक शहाणा माणूस म्हणतो, ‘अरे, दहावा आहे.’ एवढ्यानं जरा धीर येतो. मग तो मोजायला लावतो आणि नवावर थांबलेल्याला सांगतो, ‘दहावा तूच.’

‘दहावा आहे’ हे ऐकून झालेलं ज्ञान परोक्ष, म्हणजे आडून झालेलं. ‘दहावा तूच’ यानं झालेलं अपरोक्ष, म्हणजे थेट. आता बघा, या दोन्हींच्या मध्ये तो माणूस नदीकाठी डोळे मिटून ‘दहाव्याचा अनुभव’ यावा म्हणून बसला नाही. दहावा नव्यानं आला नाही, कुठून परतलाही नाही. बदलली ती फक्त मोजणी.

आमच्या शास्त्रीबुवांकडे हे प्रकरण चाललं होतं तेव्हा बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ वर्गात असत. तिथली रीत अशी, की श्लोक म्हणायचा, पदं सोडवायची, अन्वय लावायचा, त्यावरची रामकृष्णांची टीका वाचायची आणि मग कुणीतरी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी बाजू, मांडायचा. नुसती मान डोलावलेली शास्त्रीबुवांना खपत नसे. त्या दिवशी हे गृहस्थ म्हणाले, ‘दहाव्याला स्वतःचा देह तरी दिसतो. बोट छातीकडे वळवलं की काम झालं. ब्रह्म कुठे दिसतं? दृष्टान्तच लंगडा आहे.’ शास्त्रीबुवा खूश झाले. म्हणाले, ‘तुम्ही आहात की नाही, हे सांगायला तुम्हाला आरसा लागतो का? डोळे मिटले तर शंका येते का?’ नाही, म्हणाले. ‘मग जे मुळातच उघडं आहे ते दाखवायचं कशाला? ‘तत्त्वमसि’, ‘ते तूच आहेस’, यासारखं महावाक्य तुम्हाला ब्रह्म दाखवत नाही. तुम्ही स्वतःला जेवढं मोजलंय ती मोजणी चुकलीय, एवढंच ते सांगतं.’ त्या गृहस्थांचं पूर्ण समाधान काही झालं नाही, पुढचे दोन वर्ग त्यावरच गेले. ते बरंच झालं.

आता तुम्ही म्हणाल, ‘तत्त्वमसि’ मीही शंभरदा ऐकलंय, मग माझी मोजणी का बदलत नाही? तर तुमच्या ‘बुद्धीला पटतं’ या दाव्यावर माझा विश्वास नाही. रागावू नका, साधी परीक्षा घेऊन बघा. चैतन्य एकच असेल तर माझ्या मनातलं तुम्हाला का कळत नाही? डोक्याला मार लागून माणसाचा स्वभाव पालटतो, स्मृती जाते. मग चैतन्य मेंदूचं कार्य नाही हे कशावरून? गाढ झोपेत काहीच कळत नव्हतं, असं उठल्यावर कोण सांगतं, आणि त्याला ते कसं ठाऊक? जग मिथ्या असेल तर वेदही मिथ्या, मग मिथ्या वाक्यातून खरं ज्ञान कसं व्हावं? कागद घेऊन यांची उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहा. अडखळलात, तर अद्वैत तुम्हाला पटलेलं नाही, आवडलेलं आहे. तेही वाईट नाही, बऱ्याच जणांची सुरुवात तिथूनच होते. पण जे नीट पटलेलंच नाही त्याचा अनुभव का येत नाही, ही तक्रार टिकत नाही.

बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन (तर्कानं शंका फेडणं) आणि निदिध्यासन (त्यातच मन लावून राहणं) सांगतात. आपण श्रवणाचा अर्थ ‘ऐकणं’ इतका पातळ करून टाकला की गाडी चालवताना कानात वायर घालून ऐकलेलं प्रवचनही त्यात बसायला लागलं. परंपरेत श्रवण हे कष्टाचं काम आहे. ग्रंथाचा रोख नेमका कशावर आहे हे ठरवायचं असतं आणि त्यासाठी सहा खुणा सांगितल्यात: आरंभ आणि शेवट जुळतात का, काय पुन्हापुन्हा येतं, नवं काय सांगितलंय, फळ कोणतं, स्तुती कशाची, युक्ती कोणती. छान्दोग्याचा सहावा अध्याय या खुणा हातात धरून एकदा वाचाच. श्वेतकेतू बारा वर्षं शिकून चोविसाव्या वर्षी घरी येतो तो ताठ्यातच. बाप उद्दालक त्याला ‘तत्त्वमसि’ एकदा सांगून थांबत नाही, नऊ वेळा सांगतो. दर वेळी पोरगा म्हणतो, ‘भगवन्, पुन्हा समजावा.’ दर वेळी नवा दाखला येतो, कारण दर वेळी शंका नवी असते. वडाचं फळ फोडायला लावतो, मग त्यातलं बी फोडायला लावतो. काय दिसतं? काहीच नाही. मीठ पाण्यात टाकून रात्रभर ठेवायला लावतो आणि सकाळी ते परत मागतो. मीठ सापडत नाही. मग वरचं पाणी चाखायला लावतो, मधलं, तळाचं. खारट, खारट, खारट. बारा वर्षं वेद शिकलेल्या, त्या काळच्या उत्तम विद्यार्थ्याला नऊ वेळा सांगावं लागलं. आपण तिसऱ्या व्हिडिओनंतर अनुभवाची वाट बघतो.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की परंपरेतही यावर एकमत नाही. शांकरभाष्यावरच्या टीकांमधून दोन बाजू झाल्या. वाचस्पती मिश्रांच्या भामतीची बाजू अशी, की वाक्यातून परोक्ष ज्ञान होतं आणि निदिध्यासनानं तयार झालेलं मन त्याचा साक्षात्कार घडवतं. प्रकाशात्म्यांच्या विवरणाची बाजू अशी, की वाक्यच अपरोक्ष ज्ञान देतं. मनन आणि निदिध्यासन अडथळे काढण्यापुरते. पंचदशी दुसऱ्या अंगाची आणि माझं शिक्षणही तिकडचं, हे लक्षात ठेवूनच माझं बोलणं ऐका. पण भामतीकारांनाही श्रवणावाचून थेट ध्यानाकडे उडी मारलेली चालली नसती.

मग निदिध्यासनात करायचं काय? तृप्तिदीपातला श्लोक आहे: ‘तच्चिन्तनं तत्कथनमन्योन्यं तत्प्रबोधनम्। एतदेकपरत्वं च ब्रह्माभ्यासं विदुर्बुधाः॥’ त्याचंच चिंतन, त्याच्याबद्दलच बोलणं, एकमेकांना तेच समजावणं, त्यातच लागून राहणं. यात आसन नाही, श्वास नाही, दिवसाचे ठरावीक तास नाहीत. माझ्या बघण्यात ज्यांची गाडी पुढे गेली, त्यांना बहुतेक वेळा वाद घालायला एखादा सोबती होता. एकट्यानं वाचणाऱ्याची शंका त्याच्या सोयीनंच सुटते.

तो ध्यानातला प्रसंग. तो खोटा होता असं मी म्हणत नाही. चित्त शांत झालं की असं होतं आणि त्यात सुखही असतं. पण अद्वैताचे जुने आचार्य गौडपाद यांनी मांडूक्य उपनिषदावरच्या आपल्या श्लोकांच्या, म्हणजे मांडूक्यकारिकेच्या, तिसऱ्या प्रकरणात साधकाला स्पष्ट बजावलंय: ‘नास्वादयेत्सुखं तत्र’. त्या सुखाची चव घेत बसू नकोस. वेदान्तसारात समाधीची चार विघ्नं मोजलीत: लय (झोपेत बुडणं), विक्षेप (मन भरकटणं), कषाय (जुन्या वासनांनी मन गोठणं) आणि रसास्वाद (सुखातच रमणं). तुम्ही चौथ्यात आहात, आणि तेही आठवणीच्या रसास्वादात. जो प्रसंग आला आणि गेला, त्यात आत्मा काही जास्त नव्हता आणि आज ट्रॅफिकमध्ये वैतागलेले असताना तो काही कमी नाही. गाढ झोपेत तर ‘मी’ रोज विरघळतो, पण सकाळी कुणी ज्ञानी होऊन उठत नाही.

एक व्यवहारातली सूचना. अशा प्रसंगानंतर जग परकं वाटणं, स्वतःचे हात आपले न वाटणं, झोप उडणं, भीती बसणं असं काही चालू राहिलं, तर ध्यान थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्याला वैराग्य म्हणून गोंजारू नका. अशांना ‘चांगली प्रगती आहे’ म्हणून आणखी ध्यानाला बसवणारे लोक मी पाहिलेत.

रमण महर्षींना सोळाव्या वर्षी मदुराईत क्षणात झालं, मग आपल्याला का नाही, असंही हमखास विचारलं जातं. 1896 मधला तो मृत्यूचा प्रसंग सगळ्यांना पाठ असतो. त्यानंतर ते तिरुवण्णामलईला गेले ते 1950 मध्ये देह ठेवेपर्यंत तिथून हलले नाहीत, कितीतरी वर्षं गुहेत राहिले, आणि त्याच काळात त्यांनी विवेकचूडामणी तमिळ गद्यात आणली, हे कुणी सांगत नाही. ज्यांना ग्रंथाची गरज उरली नव्हती असं आपण मानतो, ते ग्रंथ उतरवत बसले होते.

आता राग. तृप्तिदीपातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. दहावा सापडला, रडणं तिथल्या तिथे थांबलं. पण रडताना डोकं आपटून झालेली जखम? विद्यारण्य म्हणतात, ती लगेच भरत नाही, महिनाभर हळूहळू भरते. कळलं त्या घडीला शोक जातो. देहामनाच्या जुन्या सवयींना वेळ लागतो. ज्ञान्याला प्रारब्धाचे भोग चुकत नाहीत, असं शास्त्र म्हणतं ते या अर्थानं.

पण ‘माझं प्रारब्ध’ म्हणत बायकोवर ओरडायची मुभा यातून काढू नका. गीतेच्या तेराव्या अध्यायात श्रीकृष्ण अमानित्व (मानाची हाव नसणं), अदंभित्व (ढोंग नसणं), अहिंसा, क्षांती (क्षमा) अशी यादी देतात आणि यालाच ज्ञान म्हणतात. ब्रह्माची व्याख्या त्यानंतर येते. ज्ञानेश्वरांना हे किती महत्त्वाचं वाटलं ते बघायचं तर ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय काढा. अकराशेहून जास्त ओव्या, आणि अहिंसेवर तर माउली थांबतच नाहीत. ज्ञानी माणूस पाऊल कसं टाकतो हे सांगताना ही ओवी येते: ‘कां कमळावरी भ्रमर। पाय ठेविती हळुवार। कुचुंबैल केसर। इया शंका॥’ केसर दुखावेल या शंकेनं भुंगा कमळावर जितका हळू पाय ठेवतो, तितक्या हळू तो जमिनीवर ठेवतो. पायाखाली जीव आहे म्हणून. हे अद्वैत वागण्यात उतरलेलं. तुमची प्रगती मोजायचीच असेल, तर ध्यानातली मिनिटं सोडा. हाताखालच्या माणसाची चूक झाली की तुमचा आवाज कसा लागतो ते बघा. घरच्यांना विचारलंत तर ते अचूक सांगतील.

हरिपाठ सोडायचा प्रश्न. गंमत अशी, की तुम्ही रोज म्हणताय त्याच हरिपाठाच्या नवव्या अभंगात आहे: ‘उपजोनि करंटा नेणें अद्वैतवाटा। रामकृष्णीं पैठा कैसा होय॥’ अद्वैताची वाट जाणत नाही त्याचा रामकृष्णात प्रवेश कसा व्हावा? लगेच पुढे द्वैताची झाडणी आणि गुरू दोन्ही येतात. तुम्हाला द्वैत वाटलं, कारण तोंड म्हणत होतं आणि मन ध्यानातला प्रसंग शोधत होतं. महाराष्ट्रात अद्वैत आणि भक्ती यांच्यात भिंत कधी नव्हतीच. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउली सरळ म्हणतात, ‘अद्वैतीं भक्ति आहे’, आणि ही बोलायची नव्हे तर अनुभवायची गोष्ट म्हणून सोडून देतात. अमृतानुभवाच्या नवव्या प्रकरणात तर त्याचं चित्रच आहे: ‘देव देऊळ परिवारु। कीजे कोरूनि डोंगरु। तैसा भक्तीचा व्यवहारु। कां न व्हावा॥’ एकच डोंगर कोरून देव होतो, देऊळ होतं, देवाचा परिवार होतो. सगळा दगड एकच, तरी पूजा होतेच. वेरूळचं कैलास लेणं पाहिलेल्या मराठी माणसाला यावर टीका लागू नये.

आणि तुकोबा? ‘अद्वैतीं तों माझें नाहीं समाधान। गोड हे चरण सेवा तुझी॥’ हे वाचून काही जण त्यांना द्वैती ठरवतात. तेच तुकोबा ‘अणुरणीया थोकडा। तुका आकाशाएवढा’ म्हणतात. दोन्ही एकाच गाथेत आहेत. एक निवडून दुसरं टाकायची घाई आपल्याला, त्यांना नव्हती.

पंचदशीच्या ध्यानदीप प्रकरणात उपासकासाठी एक दाखला आहे. एका ठिकाणी खोलीत मणी आहे, त्याची प्रभा दारातून बाहेर पडलीय. दुसरीकडे खोलीत दिवा आहे, त्याची प्रभाही तशीच. दोघं जण लांबून प्रभेलाच मणी समजून धावतात. भ्रम दोघांचाही सारखाच, पण एकाला मणी मिळतो. याला संवादी भ्रम, म्हणजे खऱ्यापाशी नेणारा भ्रम, म्हणतात. मूर्तीसमोर जोडलेले हात फार तर या जातीचे आहेत. त्यापेक्षा ‘मी आता भक्तीच्या पलीकडे गेलो’ ही समजूत मला जास्त धोक्याची वाटते.

मुंबईतलं उदाहरण देतो. निसर्गदत्त महाराज खेतवाडीत राहत, त्यांचा विड्यांचा धंदा होता. इंचगिरी संप्रदायाच्या सिद्धरामेश्वर महाराजांचे ते शिष्य. 1973 मध्ये मॉरिस फ्रीडमन यांनी मराठी संवादांवरून केलेलं इंग्रजी पुस्तक आलं आणि घरातल्या पोटमाळ्यावर परदेशी माणसं येऊन बसू लागली. आज जगभर त्यांची वाक्यं फिरतात, आणि ती वाचून लोक ‘करायचं काहीच नाही’ असा निष्कर्ष काढतात. त्याच पोटमाळ्यावर संप्रदायाची भजनं रोज होत, महाराज स्वतः टाळ घेऊन उभे राहत. पुस्तकात संवाद उतरले. टाळ उतरले नाहीत.

तेव्हा आईबरोबर बसा. चार अभंग कळत कळत म्हणा.

गुरूबद्दल जास्त लिहीत नाही. मुंडकोपनिषदानं दोन लक्षणं दिलीत: श्रोत्रिय (शास्त्र शिकलेला) आणि ब्रह्मनिष्ठ (ब्रह्मातच स्थिर झालेला). दुसरं तुम्हाला तपासता येणार नाही, पहिलं येतं. ग्रंथ परंपरेनं शिकलाय का, एखाद्या ओळीचा अर्थ विचारला तर पोथी उघडतो की डोळे मिटतो, एवढं पाहा. गीतेनं प्रणिपाताच्या, म्हणजे नमस्काराच्या, जोडीनं परिप्रश्नही, म्हणजे खोदून विचारणंही, सांगितलंय. ज्याच्याकडे प्रश्न विचारणं हा अहंकार ठरतो, अनुभवाची हमी मिळते आणि पुढच्या पायरीसाठी पुढची फी असते, तिथून उठा. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये काढली. तिथे आणि तिच्या परंपरेत शिकलेली कितीतरी माणसं गावोगावी ज्ञानेश्वरी सांगतात, पैसे न घेता. नाव मोठं नसेल, पण बसून शिकवतील.

वाचायचं म्हणाल, तर आधी यादी छोटी करा. तत्त्वबोध व्याख्यांसाठी, तो आठवड्यात होतो. त्यानंतर दृग्दृश्यविवेक, 46 श्लोक. तो मात्र घाईनं उरकू नका, वरचे झोपेचे आणि मेंदूचे प्रश्न तिथे नीट मांडता येतात. मग पंचदशी, आणि पहिल्या प्रकरणावरून थेट सातव्यावर आलात तरी चालेल. उपनिषदांत कठ आणि छान्दोग्याचा सहावा अध्याय, शांकरभाष्यासह. बापटशास्त्र्यांचे मराठी भाष्यानुवाद जुन्या वळणाचे आहेत, पण पूर्वपक्ष गाळत नाहीत. मांडूक्य बारा मंत्रांचं म्हणून सगळे आधी तेच उचलतात. गौडपादांच्या 215 कारिकांशिवाय ते वाचू नका, आणि कारिका कुणाच्या तरी समोर बसूनच वाचा. ज्ञानेश्वरी रोजची चालू राहू द्या, सार्थ प्रत कुठलीही.

अमृतानुभव मात्र पंचदशीच्या आधी हातात घेऊ नका. त्यातलं अज्ञानखंडन प्रकरण वेदान्तानं मांडलेलं अज्ञानच उडवून लावतं. अज्ञान म्हणजे काय हे आधी कुणी नीट मांडून दिलेलं नसेल, तर माउली तिथे कुणाशी भांडतायत तेच कळत नाही, आणि वाचणारा खुशीत पुस्तक मिटतो की चला, अज्ञान नाहीच, सुटलो.